तिसरं शिखर

कळसूबाई १६४६ मीटर, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. साल्हेर १५६७, हे डोंगर भटकणाऱ्यांना ठाऊक. महाराष्ट्रातलं तिसरं उंच शिखर कोणतं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. ते अकोले तालुक्यातलं घनचक्कर, १५३२ मीटर. पहिल्याहून ११४ मीटरनी कमी. तेवढ्यानं एका डोंगराच्या वाटेला लोखंडी शिड्या आल्या, सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांपाशी खोळंबणारी माणसं आली. घनचक्करची वाट आजही शिरपुंजे गावात कुणाला तरी विचारूनच धरावी लागते.

सगळा दोष क्रमांकाचा नाही. घनचक्कर शिखरासारखं दिसतच नाही. शिखर म्हणजे टोक, चित्रकलेच्या वहीतला त्रिकोण आणि त्यामागं अर्धा सूर्य, हे आपल्या डोळ्यांत इतकं रुतलंय की लांबलचक सपाट पाठीचा डोंगर दिसला तरी आपण पुढचाच शोधत राहतो. सह्याद्रीची घडणच तशी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि मग पावसापाण्यानं तो कोरून नेला. हिमालयाच्या घड्या वर उचलल्या गेल्या. इथली शिखरं मुख्यतः मागं राहिलेली आहेत. भोवतालचं वाहून गेलं, हे टिकलं. अशा शिलकीला पहिला-तिसरा नंबर द्यायचा, याची मला गंमत वाटते.

वाहून जाणं थांबलेलंही नाही. या रांगेच्या उत्तरेला प्रवरा, दक्षिणेला मुळा. एकाच सरीचं पाणी धारेवर दुभंगतं. काही भंडारदऱ्याकडच्या खोऱ्यात उतरतं, काही कोतूळ-राहुरीच्या वाटेनं जातं आणि पार नेवाशाजवळ पुन्हा एकत्र येतं. खालच्या उसाला या धारेचं नाव माहीत असायचं कारण नाही.

‘इथं फारसं कुणी जात नाही’ असं आपण लिहितो तेव्हा त्या ‘कुणी’त गुराखी धरत नाही. घनचक्करच्या शेजारचा डोंगर गवळदेव, १५२२ मीटर. नावातच गवळी आहे. ट्रेकरांच्या नकाशात हा भाग आला त्याच्या कितीतरी आधी गुरांच्या पायांनी इथल्या वाटा मळल्या असणार.

आम्ही गेलो ते भादव्यात. माथ्यावर ढग उतरलेला, सोनकी ओली, दहा पावलांपुढचं दिसेना. माणसाला घनचक्कर म्हटलं तर ती शिवी होते. त्या सपाटीवर तासभर फिरल्यावर ती आम्हालाच लागू पडली. कांबळं पांघरलेले एक म्हातारे गुरांमागं उभे होते. सगळ्यात उंच जागा कुठली, म्हणून त्यांना विचारलं.

“टोक व्हय?” त्यांनी काठी अर्धगोल फिरवली. “हे समदं घनचक्करच की. बसा कुठंबी.”