गुडघा, प्रारब्ध आणि युक्ती

उज्जैनच्या फ्रीगंजात, टॉवर चौकाच्या आसपासच्या मराठी घरांत, हळदीकुंकू असो, भजनी मंडळ असो की गणपतीतले अथर्वशीर्ष, कार्यक्रम संपून माणसे उठू लागली की बोलणे हमखास गुडघ्यांवर येते. कुणी निर्गुडीचा पाला शेकून बांधायला सांगते, कुणी सुंठीचा काढा, कुणी डिंक-मेथीचे लाडू, तर कुणाच्या पिशवीत कुठल्याशा महाराजांकडून आणलेल्या चूर्णाच्या पुड्या असतात. तेवढ्यात एखादी वडीलधारी व्यक्ती म्हणते, "देहाचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे." चूर्णावरचा विश्वास आणि प्रारब्धावरचा विश्वास एकाच सतरंजीवर शेजारी बसतात, आणि यात काही विसंगती आहे असे कुणालाच वाटत नाही. खरे तर दोन्हींत एकच घोटाळा आहे. जो प्रश्न पारखून सोडवायचा, तो श्रद्धेच्या हवाली केला जातो. आपली परंपरा असे करायला सांगत नाही, एवढेच इथे मांडायचे आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, जप, होम, उपवास, यात्रा हे दैवव्यपाश्रय. आहार आणि औषध यांची विचारपूर्वक योजना ती युक्तिव्यपाश्रय. आणि मनाला अहितापासून आवरणे तो सत्त्वावजय. ग्रंथकाराने देवाधर्माला वैद्यकातून हाकलले नाही, पण औषधाच्या पुडीवर देवाची मोहोरही उमटवली नाही. तिन्ही प्रकार वेगळे ठेवले, कारण त्यांची पारख वेगळी असते. जप फळला की नाही हे जपणाऱ्याने ठरवावे. चूर्ण लागू पडले की नाही हे मात्र सूज, चाल आणि जिना सांगतो. त्यासाठी चूर्ण देणाऱ्याचे सत्त्व किंवा घेणाऱ्याची निष्ठा तपासण्याचे कारण नाही.

भोगाच्या मुद्द्यालाही चरकातच उत्तर आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश गुरूला विचारतो की आयुष्य आधीच ठरलेले असते की नसते. दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या जोडीवर ते अवलंबून आहे, आणि दुबळ्या दैवावर बळकट प्रयत्न मात करतो, असे गुरू आत्रेय सांगतात. सगळेच ठरलेले असते तर कुणी औषध घेतलेच नसते, हा त्यांचा युक्तिवाद तर रोकडा आहे. भोग म्हणून गुडघा सोडून देणारी माणसेही रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहतातच.

यावर तपाचा आक्षेप येतो. देह झिजवल्याशिवाय पुण्य कुठले? उज्जैनची पंचक्रोशी यात्रा याचा दाखला म्हणून पुढे केली जाते. माळव्याच्या पंचांगात वैशाखातली, आपल्या पंचांगात चैत्रातली, कृष्ण दशमी ते अमावास्या अशी 118 किलोमीटरची पायपीट, तीही ऐन उन्हाळ्यात. पण या यात्रेतला विधी नीट पाहावा. यात्रेकरू पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून त्याच्याकडून 'बळ' घेतात आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते परत करतात. म्हणजे चालण्याची ताकद उसनी आहे, असेच ही प्रथा मानते. उसनी वस्तू जपून वापरायची असते, मोडून परत करायची नसते. शिवाय गीतेच्या सतराव्या अध्यायाने हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तप तामस ठरवले आहे, आणि पतंजलींनी योगातल्या विघ्नांची यादी केली तेव्हा व्याधीला पहिले स्थान दिले. आसनाकडून त्यांची अपेक्षा स्थैर्याची आणि सुखाची आहे. प्लास्टिकच्या खुर्चीवर ती पुरी होत असेल तर भजनात खुर्चीवर बसणारीची भक्ती काही उणी पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हजारो वर्षांच्या अनुभवाला प्रयोगशाळेची सही कशाला हवी? हळद, सुंठ, एरंडेल ही आजीच्या हातची औषधे आहेत! खरे आहे, आणि म्हणूनच ती तपासण्याच्या लायकीची आहेत. परंपराही एका जागी बसून राहिलेली नाही. आमवात हा स्वतंत्र रोग म्हणून सविस्तर मांडला तो चरकाने नव्हे, त्याच्या कितीतरी शतकांनंतर माधवकर या ग्रंथकाराने. त्याच वाटेवरचे आजचे पाऊल पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकले. सुंठ आणि गुळवेल हा पाया असलेल्या आयुर्वेदिक औषधांची त्यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या 440 रुग्णांवर 24 आठवडे चाचणी घेतली. कुणाला कुठले औषध मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की ही औषधे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीची ठरली. पण त्याच चाचणीत काही रुग्णांच्या रक्तात यकृताचे एक विकर वाढलेले आढळले आणि औषध थांबवल्यावर ते उतरले. आजीच्या अनुभवाला पुष्टी मिळाली आणि आजीला न दिसलेला धोकाही दिसला. नुसत्या श्रद्धेने यातले पहिलेच हाती लागले असते. 'नैसर्गिक आहे, अपाय कसला' म्हणणाऱ्यांनी बिब्ब्याने उठणारे फोड आठवावेत. नाव-घटक नसलेल्या पुड्यांची गोष्ट तर याहून वाईट. सांधेदुखीच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आपल्या देशात पुन्हा पुन्हा उघड झाले आहेत. अशा पुडीने दोन दिवसांत आराम पडतो, तो प्रसाद वाटतो, आणि पुढे साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात.

मग जमण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि बराच आहे. एकटेपणात दुखणे मोठे होते, चार जणींत टाळ वाजवताना ते मागे सरते. सत्त्वावजय याहून फार वेगळा नसावा. गुडघ्याच्या झिजेवर नियमित व्यायाम आणि आटोक्यातले वजन यांना आजच्या वैद्यकात सर्वांत भक्कम आधार आहे, आणि घोळक्याने चालायला निघणाऱ्यांचा नेम एकट्यापेक्षा टिकतो. समाजाची ही ताकद खरी आहे. ती चूर्ण विकायला उसनी दिली जाते तिथे हरकत आहे.

म्हणून मंडळे चालवणाऱ्यांना एक विनंती. खुर्च्या मांडा, त्याही मागच्या कोपऱ्यात नको. प्रवचनानंतर लेबल नसलेली पुडी कुणाला वाटू देऊ नका. आणि सकाळी तासभर हातापायांची बोटे आखडत असतील, सांधे सुजून गरम लागत असतील, तर शेक-लेपात महिने घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. ही आमवाताची लक्षणे असू शकतात; त्यात सांधे पहिल्या एक-दोन वर्षांतच कायमचे बिघडू लागतात आणि उपचार जितके लवकर, तितके ते वाचतात.