फसलेल्याची बाजू

खोटारडा माणूस पैसा नेतो, जमीन नेतो, कधी अख्खा संसार उधळून जातो. जाताना तो फसलेल्याचा स्वतःच्या नजरेवरचा भरवसाही नेतो, आणि त्याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही. निपाणी-चिकोडीच्या तंबाखूपट्ट्याने हे नुकसान सोसलं आहे. त्यातून उभं कसं राहायचं, हेही इथल्याच माणसांनी दाखवलं आहे.

विडी वळणाऱ्या बाईचं घ्या. पान, जर्दा, सूत घरी आणायचं, पान भिजवायचं, कातरायचं, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हजार विड्यांना सगळा दिवस जातो. माल द्यायला गेलं की तपासणारा बंडल दाबून बघतो आणि मूठभर विड्या बाजूला टाकतो. छाट! त्यांची मजुरी नाही. वर म्हणतो, "अक्का, आपल्या माणसाला म्हणून सांगतो, हल्ली तुझा हात बिघडलाय." तो ओरडत नाही, काळजीच्या सुरात बोलतो. काही विड्या खरोखरच बिघडलेल्या असतात, म्हणून खोटंही खपून जातं. बाई भांडत नाही. घरी येऊन आपलीच बोटं न्याहाळत बसते. दुसऱ्या दिवशी जपून वळते, तरी छाट तेवढीच निघते.

शेतकऱ्यापुढे व्यापाऱ्याचा सूर निराळा, डाव तोच. शेतात तंबाखूचं पान उभं असताना तोंडभर कौतुक. माल वखारीत पडला की प्रत हलकी ठरते, वजनात तूट निघते, पैसे हप्त्याहप्त्यानं मिळतात. आणि कानात सांगणं असतंच, "तुम्हाला म्हणून हा दर, चारचौघांत बोलू नका." सगळ्यात घातक वाक्य हेच. घरातला लबाडही हेच बोलतो. बहिणीला सांगतो वहिनी कपटी आहे, वहिनीला सांगतो बहिणीचा डोळा वाटणीवर आहे. दोघी समोरासमोर बसल्या की त्याचा खेळ संपतो, म्हणून तो त्यांना बसूच देत नाही.

14 मार्च 1981 पासून शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. मागणी भावाची होती. पण एका रस्त्यावर रात्रंदिवस बसलेली माणसं एकमेकांना दर विचारणारच, थकलेली रक्कम सांगणारच. आपण एकटेच अडाणी ठरलो नाही, हे कळायला तेवढं पुरतं. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. इथली गावं आजही ते विसरलेली नाहीत आणि आपणही विसरू नये.

वखारीतल्या आणि विडीच्या बायांना प्रा. सुभाष जोशींनी संघटित केलं. 1982 साली युगांतर या चित्रपटगटाने वखारीतल्या या बायांबरोबर माहितीपट केला. त्यात त्या स्वतःच्या तोंडाने आपलं जिणं सांगतात. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यातही नाकारलेल्या विड्यांचा वाद सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय होती. छाट किती, हे ठरवणारा शेवटचा माणूस तपासणारा नव्हे, एवढं कायद्यालाही मान्य करावं लागलं.

घरातल्या विश्वासघाताला मात्र युनियन नसते. तिथे एकमेकांना विचारून खरं पडताळण्याचं काम दोन माणसांवर भागवावं लागतं. कोण कधी काय बोललं, ते तारखेसह वहीत लिहून ठेवावं. एका विश्वासू माणसाला सगळं सांगावं, लाज वाटली तरी सांगावं. माफ करण्याची घाई नको. नातेवाईक "झालं गेलं विसर" म्हणतात ते बहुतेकदा स्वतःच्या सोयीसाठी. आणि विश्वास पुन्हा टाकायचा तो थोडाथोडा, छोट्या व्यवहारापासून. त्याला महिने लागतात, काहींना वर्षं. त्यात कमीपणा काही नाही.

या दिवाळीत तुमच्याकडे अशी फसलेली कुणी आली, तर "तुला कळलं कसं नाही?" असं कृपा करून विचारू नका. तो प्रश्न ती स्वतःला रोज विचारते आहे. तिला बसायला सांगा आणि ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका.