आकड्याला बांधलेला निर्णय : नदीच्या पाण्याची लोकतपासणी

पाणी किती आहे याकडे अहिल्यानगर जिल्ह्याने नेहमीच डोळ्यांत तेल घालून पाहिले आहे. ते कसे आहे, याची विचारपूस मात्र पिण्याच्या पाण्यापलीकडे फारशी गेलेली नाही. भंडारदरा आणि मुळा धरणांतील साठा, कालव्याचे आवर्तन आणि जायकवाडीसाठी सोडायचे पाणी यांचे आकडे ज्या जिल्ह्यात चावडीवर तोंडपाठ असतात, तेथेच पुणतांब्याला गोदावरीत, टोक्याजवळ प्रवरासंगमावर किंवा सिद्धटेकला भीमेत बुडी मारणारा भाविक आणि केटी बंधाऱ्याच्या फुगवट्यात पोहणारी मुले केवळ डोळ्यांना दिसते त्यावर विसंबून पाण्यात उतरतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची ठरावीक केंद्रांवरील तपासणी नदीचा एकूण कल दाखवते. एखाद्या घाटावरच्या एखाद्या सकाळचे पाणी कसे आहे, हे सांगणे तिच्या आवाक्यात नसते.

स्नानाच्या पाण्याचे निकष केंद्र सरकारने 2000 मध्येच अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम असावा; सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो ती जैविक प्राणवायू मागणी 3 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये; आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या 100 मिलिलिटरमागे शक्यतो 500 पर्यंत, फार तर 2500 पर्यंत असावी. आतड्यात वाढणारे हे जिवाणू बहुतांशी निरुपद्रवी असले, तरी मैला पाण्यात मिसळल्याची ती खूण असते आणि मैल्याबरोबर कावीळ, हगवण, विषमज्वर यांचे जंतूही येऊ शकतात. त्यामुळे नितळ दिसणारे पाणीही धोक्याचे असू शकते.

यांतील काही तपासण्या स्वयंसेवकांना थोड्या सरावाने जमतात. प्राणवायूसाठी काचेच्या बाटलीत बुडबुडा राहू न देता नमुना भरायचा आणि त्यात मँगनीज सल्फेट व आयोडाइडयुक्त अल्कली सोडायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो, आणि पुढच्या रासायनिक मोजणीतून नेमका आकडा हाती येतो. मैल्याच्या खुणेसाठी हायड्रोजन सल्फाइडची बाटली उपयोगी पडते. नमुना भरून उबेत ठेवल्यावर एकदोन दिवसांत ती काळी पडली, तर पाणी दूषित असल्याचा संशय घ्यायचा. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद असल्याने ही बाटली आता खेड्यांना अनोळखी राहिलेली नाही. मात्र ती पिण्याच्या पाण्यासाठी घडवलेली आहे आणि नदीच्या पाण्याने ती बहुधा काळी पडणारच. म्हणून नदीसाठी नमुना निर्जंतुक पाण्याने टप्प्याटप्प्याने विरळ करत नेऊन कोणत्या टप्प्यापर्यंत बाटली काळी पडते ते पाहावे लागते, आणि अधूनमधून तोच नमुना प्रयोगशाळेतून पडताळून घ्यावा लागतो.

या पद्धतीची खरी मर्यादा अचूकतेपेक्षा वेळेची आहे, कारण निकाल हाती येईपर्यंत स्नान उरकलेले असते. ही मर्यादा सातत्यानेच ओलांडता येते : पहिल्या पावसाने गावची घाण नदीत लोटल्यावर, आवर्तन संपून पाणी डोहात थबकल्यावर आणि यात्रेच्या आगेमागे, असे हंगामामागून हंगाम मोजत गेल्यास केव्हा पाण्यात उतरू नये याचा अंदाज आधीच बांधता येतो. न्यायालयात मात्र या नोंदींचे वजन मर्यादित राहते, कारण 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने मंडळाच्या नमुन्यासाठी नोटीस, मोहोर आणि मान्य प्रयोगशाळा अशी काटेकोर रीत घालून दिली आहे. तरीही 1988 च्या दुरुस्तीने 60 दिवसांची नोटीस देऊन तक्रार दाखल करण्याची वाट नागरिकाला मोकळी करून दिली, आणि नमुना कोठे व केव्हा घ्यावा हे मंडळाला पटवून देण्यास लोकांच्या नोंदींइतके दुसरे साधन नाही.

आकड्याला वजन कशाने येते, याचे उत्तर जिल्ह्यातच सापडते. हिवरे बाजारात पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभा ठरवते; पाऊस कमी झाला की जास्त पाण्याच्या पिकांना मुरड बसते, म्हणजे मोजमाप आणि निर्णय यांची गाठ आधीच मारलेली असते. इंग्लंडमधील इल्कली येथे वार्फ नदीच्या काठच्या रहिवाशांनी स्वतः नमुने तपासून पाठपुरावा केला, तेव्हा 2020 च्या अखेरीस तो पट्टा देशातील पहिले नदीतील अधिकृत स्नानस्थळ ठरला. त्यानंतरच्या सरकारी तपासणीत त्याला ‘निकृष्ट’ हा शेरा मिळाला खरा, पण नदी आपोआप स्वच्छ झाली नसली तरी तिच्या घाणीचा जाब कोणाला विचारायचा हे निश्चित झाले.

महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची जोखीम पाहून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड देण्याची पद्धत रुळलेली आहे; तीच घाटांना लावता येईल. लाल फलक लागला की स्नान किती दिवस थांबवायचे, यात्रेकरूंसाठी पर्यायी पाण्याची सोय कोणी करायची आणि नाल्याच्या उगमाशी जाऊन चौकशी कोणी करायची, हे ग्रामसभेने हंगामापूर्वीच ठरावात नोंदवावे. वाळूउपशाने पडलेल्या खोल खड्ड्यांची नोंदही त्याच फलकावर असावी, कारण पाण्यात उतरणाऱ्याच्या जिवाला जंतूंइतकाच धोका बुडण्याचाही असतो. तपासणी लोकांच्या हाती आली म्हणून सांडपाणी शुद्ध करण्याची नगरपालिकांची आणि मळीमिश्रित पाणी रोखण्याची कारखान्यांची जबाबदारी हलकी होत नाही. उलट तारीखवार नोंदींसमोर ती टाळणे अवघड होते. असा ठराव पाठीशी नसेल, तर उत्तम संच आणि प्रामाणिक स्वयंसेवक असूनही वहीत आकडे भरत जातील आणि स्नान मात्र पूर्वीसारखेच नशिबाच्या हवाल्यावर चालू राहील.