दहावीनंतर पेन्सिल का सुटते?

हिंगणघाटच्या कापूस बाजारात ग्रेडर गाडीतून मूठभर कापूस उपसतो. सरकीपासून तंतू सोडवतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो आणि त्यांची लांबी नजरेनंच जोखतो. पांढरेपणात पिवळसर झाक आहे का, पानाचा कचरा किती, ओल किती, हेही तो तेवढ्याच वेळात पाहून घेतो. त्यावर भाव ठरतो आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचं मोल होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका नामांकित प्रतीचं नाव होतं. तयार नजरेची किंमत या गावाला कुणी शिकवायला नको. तरीही आपली मुलं पंधरा-सोळा वर्षांची झाली, की त्यांची नजर तयार करण्याचं काम आपण थांबवतो. हे फक्त हिंगणघाटात घडत नाही, सगळ्या महाराष्ट्रात घडतं.

शाळेतली चित्रकला आज बहुतेक घरांत शासकीय रेखाकला परीक्षांपुरती उरली आहे. एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन अशी त्यांची आखणी मुळात फार चांगली आहे. पण इंटरमीजिएटच्या ‘अ’ श्रेणीला दहावीत ७ गुण, ‘ब’ला ५ आणि ‘क’ला ३ असा हिशेब समोर आला, की चित्र मागं पडतं आणि गुण पुढं येतात. मग गाइडमधली चित्रं घोटून घेतली जातात. वणा नदीकाठी वाढलेली मुलगी स्मरणचित्रात नारळाची झाडं आणि कौलारू घर काढते. तान्ह्या पोळ्याला तिनं स्वतः सजवलेला लाकडी बैल मात्र कागदावर कधी येत नाही. स्मरणचित्रात स्वतःचं स्मरणच नसेल, तर ती परीक्षा कशाची?

कायद्याची झेपही तोकडी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलं. म्हणजे निदेशक तोही अंशकालीन, आणि आठवीच्या पुढं ती हमीही नाही. अकरावीच्या कला शाखेत राज्य मंडळानं चित्रकलेसारखे विषय ठेवले आहेत, पण तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय ते उघडेल तेव्हा ना! विज्ञान शाखेच्या मुलाला तर चित्रकला म्हणजे वेळ वाया घालवणं, असंच सांगितलं जातं.

हे आपल्याच वर्धा जिल्ह्यात घडावं याचं जास्त वाईट वाटतं. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली. झाकीर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात मूलोद्योग, मातृभाषा आणि गणिताबरोबर चित्रकला आणि संगीतही होतं. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि पुढं बरीच वर्षं तिथल्या मुलांना चित्रकला शिकवत राहिले. कला ही शिक्षणाच्या पायाशी असते, हा विचार त्यांनी पुढं ग्रंथरूपानं मांडला. ज्या सेवाग्रामात ते काम झालं, ते हिंगणघाटहून तासाभराच्या वाटेवर आहे.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी कला शिकून नेमकं काय होतं? कापसाचं उमललेलं बोंड काढायला घ्या. पांढऱ्या कागदावर पांढरा कापूस काढताच येत नाही. त्याच्या पाकळ्यांमधली सावली, वाळलेल्या टरफलाची टोकदार कड आणि मागचा काळसर भाग भरावा लागतो, तेव्हा कुठं कापूस दिसू लागतो. आठवीतला मुलगा बोंडाची बाह्यरेषा काढून मोकळा होतो. सोळाव्या वर्षी त्याला सावलीचं कारण विचारता येतं आणि समजतंही.

मोबाइलनं तोच कापसाचा ढीग टिपा, तर बरेचदा तो मळकट राखाडी येतो. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचा उजेड मध्यम करड्या छटेशी जुळवू पाहतं, म्हणून पांढरं काळवंडतं आणि एक्सपोजर हातानं वाढवावं लागतं. जास्त वाढवलं, की तंतूच दिसेनासे होतात. यंत्र जे दाखवतं ते जसंच्या तसं खरं नसतं, हे मूल इथं स्वतःच्या हातानं शिकतं. दिवसभर फोटो आणि व्हिडिओ पाहणाऱ्या पिढीला याहून गरजेचा धडा कोणता?

‘चित्रं काढून पोट भरतं का?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. सगळ्यांचं भरेल असं कुणीच सांगू नये. पण ज्यांना या वाटेनं जायचं आहे, त्यांची आपण आधीच अडवणूक करतो. बीएफएच्या राज्य सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान विचारलं जातं. ज्या मुलानं अकरावी-बारावीत पेन्सिल हाती धरली नाही, ते तिथं काय काढणार? ज्यांच्या घरी पैसा आहे, ती मुलं नागपूरला क्लास लावतात. जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्याचा मुलगा घरीच राहतो. आणि नागपूरकडे तर मोठा वारसा आहे. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मगच मुंबईला गेले. वासुदेव गायतोंडे यांचा जन्मही १९२४ साली नागपुरातच झाला.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत पाडायची भाषा केली आहे. ती भिंत कागदावर पडून भागणार नाही. प्रत्येक तालुक्यात निदान एका कनिष्ठ महाविद्यालयानं चित्रकला किंवा कलेचा इतिहास व रसग्रहण हा विषय सुरू करावा, कोणत्याही शाखेच्या मुलाला तो घेता यावा आणि त्यासाठी पूर्णवेळ कलाशिक्षक नेमावा. स्मरणचित्राचे विषय शिक्षकांनी गावातूनच द्यावेत: बाजार समितीचं आवार, मिलचा भोंगा ऐकलेल्या आजोबांचा चेहरा, पोळा. आणि पालकांनो, अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी मुलाची चित्रवही माळ्यावर टाकू नका. डॉक्टर होवो, इंजिनिअर होवो की शेतकरी, तयार झालेली नजर त्याच्या जन्मभर कामी येणार आहे.