जाळ्याचा आस

जाळ्याचा आस, म्हणजे त्याचे एकेक भोक, केवढा असावा, हे तंत्रज्ञाला विचारले तर तो मिलिमीटरमध्ये सांगतो. मालवण, आचरा, देवबाग किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर विचारले तर उत्तराची सुरुवात घरातल्या चुलीपासून होते. दोन्ही उत्तरे खरी आहेत. ती एकमेकांना कधी भेटत नाहीत, आणि सिंधुदुर्गातल्या मासेमारीच्या संघर्षाचे मूळ मला तिथेच दिसते.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची रीत वेगळी सांगायला नको. होडी किनाऱ्यापासून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ घालत जाळे सोडते आणि दुसरे टोक घेऊन परत वाळूला लागते. मग दोन्ही टोकांना माणसे उभी राहतात आणि ओढ सुरू होते. जाळे संघाचे, कष्ट सगळ्यांचे, म्हणून मासळीचे वाटेही सगळ्यांचे. बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ आला तरच रापणीला मासळी मिळते. तो आला नाही तर रापणकर त्याच्या मागे जाऊ शकत नाही. ही मर्यादा कुणी कायद्याने घातलेली नव्हती, ती साधनातच होती.

पर्ससीन जाळ्याने हीच मर्यादा काढून टाकली. थवा असेल तिथे नौका जाते, त्याला जाळ्याचा वेढा घालते आणि बटव्याची दोरी ओढून तोंड आवळावे तसा तळ बंद करते. त्यात एलईडी दिव्यांची भर पडली. रात्री जनरेटरवर प्रखर उजेड पाडायचा, मासळी गोळा झाली की वेढायची. म्हणजे आता थवा शोधत जाण्याचीही गरज उरली नाही. यंत्र चालवणारा माणूस खलनायक आहे असे मी म्हणत नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज असते, नौकेवरच्या खलाशांची घरेही त्याच मासळीवर चालतात. पण एका होडीचे कित्येक दिवसांचे काम एका रात्रीत उरकणारे साधन पाण्यात उतरते, तेव्हा किनाऱ्यावरचे वाटे बदलतात. ते कसे बदलतील, हे साधन उतरण्याआधी कोणी विचारले होते?

डेव्हिड कॉलिंग्रिज या ब्रिटिश अभ्यासकाने 1980 मध्ये तंत्रज्ञानाच्या सामाजिक नियंत्रणावर पुस्तक लिहिले. त्यात त्याने मांडलेला पेच आज विज्ञान-धोरणाच्या वर्गांत शिकवला जातो. तंत्र नवे असते तेव्हा त्याला वळण देणे सोपे, पण परिणाम ठाऊक नसतात. परिणाम कळेपर्यंत त्यात इतके पैसे आणि पोटे गुंतलेली असतात की वळण देणे जड जाते. पेचाचा दुसरा भाग आपल्याकडे तंतोतंत लागू पडला. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीचा अहवाल 2012 मध्ये आला. या मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम देणारी आणि इतर निर्बंध घालणारी अधिसूचना निघाली 5 फेब्रुवारी 2016 रोजी. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने बंदी घातली नोव्हेंबर 2017 मध्ये. 2021 मध्ये राज्याने 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा सुधारून दंड लाखांत नेला. 2025 पासून ड्रोनची टेहळणी सुरू झाली. एका यंत्राला आवरायला दुसरे यंत्र आले, आणि या काळात किती हंगाम गेले ते मोजायला किनाऱ्यावरच्या माणसाला आकडेमोड लागत नाही.

पेचाचा पहिला भाग मात्र मला इथे पटत नाही. परिणाम ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागाच नव्हती. तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात, 1970 च्या दशकात रापणकरांनी याच प्रश्नावर आंदोलन उभे केले होते. माथानी साल्ढाणा यांचे नाव तेव्हापासून या लढ्याशी जोडले गेले. केरळात 1953 साली सुरू झालेल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पातून यांत्रिक मासेमारीने पाय रोवले, पुढे कोळंबीच्या निर्यातीमागे ट्रॉलर वाढले, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ झगड्यानंतर 1988 मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी आली. याच पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन राज्यांनी धडा लिहून ठेवला होता. तो वाचण्याची जबाबदारी कुणाच्याच कामात धरलेली नव्हती. मत्स्यशास्त्रज्ञ साठा मोजतो, अर्थतज्ज्ञ निर्यात मोजतो, कायदेतज्ज्ञ सागरी मैल मोजतो. वाटा कोणी मोजत नाही.

आणि हे फक्त यंत्राच्या बाबतीत घडते असेही नाही. 1987 मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे 29 चौरस किलोमीटरचे. प्रवाळ, समुद्री शेवाळ, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे खडकाळ पाणी, सगळे जपण्याजोगेच. तरीही मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षे टिकला, कारण याच पाण्यात त्यांची जाळी पडत होती. माणसांना आधी विचारल्यावर काय होते, तेही याच जिल्ह्याने दाखवले आहे. माधव गाडगीळ समिती पश्चिम घाटाचा अभ्यास करत होती तेव्हा इथल्या 25 गावांच्या ग्रामसभांनी आपले गाव पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव केले. निसर्ग राखायला माणसे तयार होती. निर्णयात आपला शब्द असावा, एवढीच त्यांची अट होती.

मग पुन्हा आसाकडे येतो. ट्रॉलच्या जाळ्याचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटतो आणि बोटभर पिल्लेही आत अडकतात. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो. पिल्ले निसटतात, पाणी सहज निघून जाते, इंजिनावरचा ताण हलका होतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने गेल्या दशकात सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जो जैवविविधता प्रकल्प राबवला, त्यात अशी जाळी ट्रॉलरवाल्यांपर्यंत नेली गेली. बदल अगदी लहान, फक्त गाठींच्या दिशेचा. पण त्यात जीवशास्त्र आहे, डिझेलचा हिशोब आहे आणि उद्याच्या हंगामाची काळजीही आहे. जबाबदार नवनिर्मिती म्हणून परदेशात ज्यावर ग्रंथ लिहिले जातात, ती मला या चौकोनात दिसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मासेमारीचे कोणतेही नवे साधन या किनाऱ्यावर परवाना मागेल, तेव्हा आधी एक पूर्ण हंगाम त्याची चाचणी व्हावी. ती रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाने, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांना सोबत घेऊन करावी. तिचा अहवाल मराठीत निघावा आणि मच्छीमार संस्थांपुढे, मासळी विकणाऱ्या बायकांसह, तो मोठ्याने वाचला जावा. परवान्यावर सही त्यानंतर व्हावी.