तांबडीच्या मानेविषयी

अकोला

माई,

तू धाडलेला व्हिडिओ पाहिला. तुझ्या कोंबडीची, तांबडीची मान पिळवटून डोकं पाठीला टेकलंय, चोच आभाळाकडे, आणि कुणी जवळ गेलं की ती मागे सरकत कोलमडते. शेजारच्या काकू म्हणतात, मानमोडी आहे, सुरी फिरवा. काकूंची भीती अगदीच खोटी नाही. मानमोडीनं, म्हणजे राणीखेतनं, आपल्याकडची खुराडीच्या खुराडी रिकामी होतात. पण त्यात बहुधा हिरवट पातळ हगवण, घरघर, लुळे पाय-पंखही दिसतात, आणि एक पडली की बाकीच्याही पडायला लागतात. तुझी तांबडी तर खायला मागते आहे! तरी खात्री होईपर्यंत तिला इतर दोन कोंबड्यांपासून वेगळी ठेव. त्यांतली एखादी मलूल झाली तर लगेच 1962 वर फोन कर, लपवू नको. मानमोडीवर औषध नाही, लस तेवढी आहे. पण ती धडधाकट पक्ष्याला द्यायची, आजाऱ्याला नाही.

मला खटकलं ते तिचं खाणं. लाडानं तुम्ही तिला रोज उरलेला पांढरा भात घालता, हो ना? जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमन नावाच्या डच डॉक्टरच्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडले होते. शोध घेतला तर त्या कोंबड्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला पॉलिशचा भात खात होत्या. नव्या आचाऱ्यानं तो द्यायचं नाकारलं, कोंडा न काढलेला तांदूळ सुरू झाला, आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. आइकमनला पुढे 1929 साली नोबेल मिळालं. त्या आचाऱ्याचं कुणी नावही घेत नाही. कोंड्यातलं बी-1 जीवनसत्त्व मिळेनासं झालं की मान अशी मागे ओढली जाते. ई जीवनसत्त्व कमी पडलं तरी मेंदूला इजा होते. आपल्या उन्हाळ्यात खाद्याचं पोतं महिनोन्‌महिने उघडं राहिलं की त्यातली चरबी खवट होते आणि ई नासतं. पोत्याचा वास घेऊन बघ. खवट असेल तर फेकून दे, पैशाकडे पाहू नको.

आणखी एक विचारतो. पेरणीचे दिवस आहेत. सरकीच्या बियाण्याचं पाकीट अंगणात कुणी फोडलं होतं का? रंग लावलेलं बियाणं औषध चोळलेलं असतं. ते टिपलं असेल, तोंडातून लाळ गळत असेल, अंग थरथरत असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि डॉक्टर गाठ.

तसं नसेल तर आता खरी कसोटी तुझी. अशा दुखण्यात कोंबड्या बऱ्याचदा उपासानं आणि तहानेनंच मरतात, कारण उलट्या डोक्यानं दाणा टिपता येत नाही. तिला डाल्यात ठेव, खाली गोधडी, दोन्ही कुशींना टॉवेलाच्या गुंडाळ्या, म्हणजे उलटणार नाही. जागा सावलीची आणि शांत असू दे. ज्वारीच्या कण्या भिजवून त्यात थोडा कोंडा आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कालव. एका हातानं डोकं हलकेच आधारून थोडं थोडं भरव. पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब लाव. घशात ओतलंस तर थेट फुप्फुसात जाईल. निजायच्या वेळी गळ्याखालची दाण्याची थैली चाचपून बघ, ती भरलेली लागली पाहिजे, आणि सकाळी रिकामी. मान ओढून, तेल चोळून सरळ करणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नको. दुखणं मानेत नाहीच.

ई आणि बी-1 ची मात्रा डॉक्टरांना विचारून दे. सेलेनियम मनानं मुळीच नको, ते थोडं जास्त झालं तरी विष. कानात पू असेल किंवा डोक्याला मार असेल तर उपाय वेगळा. अँटिबायोटिक सुरू झालं तर अंडी खाऊ नका. गुण यायला आठवडे लागतात, आणि मध्येच दचकली की मान पुन्हा वळते. त्यानं खचू नको. मात्र भरवलेलंही गिळेना, अंगाला जखमा पडू लागल्या, तर डॉक्टरांच्या हातून तिची सुटका करणं हीच माया.

आधी अमरावतीतल्या सरकारी पशु दवाखान्यात दाखव. तिथे निदान झालं नाही किंवा ती आणखी खालावली तर इकडे अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत आण, मी सोबत येतो. पहाटेच नीघ, ऊन चढू देऊ नको, आणि तिची ताजी विष्ठा व रोजचं खाद्य वेगवेगळ्या डब्यांत घेऊन ये.

तुझा मामा