दहा खाचांची फळी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सकाळच्या पाळीची लगबग सुरू झाली असेल. याच नाशकात रजनी लिमये यांनी १९७७ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ ही शाळा उभी केली. त्या शिक्षिका होत्या आणि अशाच एका मुलाची आईही.

अशा शाळेत शर्टाचं बटण हा महिनोन्महिने चालणारा धडा असतो. आधी बाई चार बटणं लावतात, शेवटचं तेवढं मूल लावतं. जमलं की शेवटची दोन. मोठ्या मुलांच्या कार्यशाळेत पाकिटात दहा मेणबत्त्या भरायच्या असतात, पण सगळ्यांना मोजता येत नाही. मग दहा खाचांची लाकडी फळी! प्रत्येक खाचेत एक मेणबत्ती. फळी भरली की झाले दहा. ज्याला मोजता येतं तो तपासतो, तिसरी चिकटपट्टी लावते. अंबडच्या कामगारांना हे नवं नाही, ते याला ‘जिग’ म्हणतात.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीही राखीव जागा ठेवल्या. खाजगी कारखान्यांवर तशी सक्ती नाही. पण पॅकिंगच्या टेबलाशी अशी फळी ठेवायला सक्ती कशाला हवी? कारखान्यातला सुतार ती तासाभरात करून देईल.